मानेचा मऊ पट्टा, आठ महिने वापरून

मिरजेत दवाखान्यासमोरच्या सर्जिकलच्या दुकानातून घेतला, साडेतीनशेला. आत फोम, वर सुती खोळ, मागे व्हेल्क्रो. दुकानदार म्हणाला, "काकू, स्पॉन्डिलायटिस ना?" नाही हो. मला 19 वर्षं आमवात आहे, सांधे सुजवणारा, डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात तो. बोटं वाकडी झाली ती सगळ्यांना दिसतात. तो मानेतही उतरतो, हे मात्र मला गेल्या वर्षी कळलं.

डोकं मागून दुखायचं, मानेच्या खळगीतून वर चढत जायचं. दोन वर्षं आम्ही त्याला पित्त म्हणत होतो. आवळा झाला, मोरावळा झाला, रिकाम्या पोटीची गोळी झाली. मग एक दिवस विळीवर कोबी चिरायला मान खाली घातली आणि पाठीतून पायापर्यंत करंट गेला. संधिवाताच्या डॉक्टरांनी मान वाकवून एक आणि मागे नेऊन एक असे एक्स-रे काढायला लावले. पहिल्या मणक्याची कडी आणि दुसऱ्याचं दातासारखं टोक यांच्यात मोठ्या माणसाला 3 मिलिमीटरपर्यंत फट चालते. माझी, वाकल्यावर, 6. सुजेने तिथला बंध खाऊन सैल केलाय. डोक्याच्या मागच्या भागाला जाणारी नसही तिथूनच निघते, म्हणून दुखणं डोक्यात. एमआरआयमध्ये मज्जारज्जू दबलेला नव्हता, त्यामुळे ऑपरेशन तूर्त लांबलं.

आता पट्ट्याचं. हा हाड धरून ठेवत नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मान वाकवायला गेले की हनुवटीला टोचतो आणि आठवण देतो, एवढंच त्याचं काम. तेवढं तो चोख करतो. मिरज-सांगली एसटीत, खड्ड्यांत, मला याच्याशिवाय बसवत नाही. उतरल्यावरचं डोकं दुखणंही निम्म्यावर आलं. घरात घालत नाही, सतत घातला तर मानेचे स्नायू ढिले पडतात.

व्हेल्क्रो मात्र ज्याने लावलं त्याला कधी आमवात झाला नसावा. सकाळी बोटं आखडलेली असताना ते माझ्याने ओढवत नाही, सूनबाई लावून देते. केस अडकतात, पदराची जर निघाली ती वेगळीच. एप्रिलमध्ये घामोळं उठलं, आत जुन्या धोतराचा तुकडा घालून भागवलं. 5 पैकी 3 तारे, तेही एसटीसाठी.

कुणी मालीशवाली "मान मोडून देते, मोकळं वाटेल" म्हणाली तर आमवातवाल्यांनी तिथून उठावं. मी एकदा बसले होते, तेव्हा फटीचं माहीत नव्हतं. आता गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायचीय, तर भुलेच्या डॉक्टरांना दाखवायला ते दोन एक्स-रे पट्ट्यासोबत एकाच पिशवीत ठेवलेत. श्वासाची नळी घालताना ते मान मागे करतात.

खोळ दोन घ्या. पावसाळ्यात एक वाळतच नाही.