एलपीकॅम-२ रॅम असलेला लॅपटॉप : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पातळ लॅपटॉप घ्यायचा तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेलीच मिळणार, हे गेली काही वर्षे गृहीत धरले जात होते, आणि त्याला तांत्रिक कारणही होते. अशा लॅपटॉपमध्ये वापरली जाणारी, मुळात फोनसाठी घडवलेली एलपीडीडीआर मेमरी कमी व्होल्टेजवर चालते. एलपीडीडीआर-५एक्समध्ये डेटाचे सिग्नल तर अवघ्या ०.५ व्होल्टवर धावतात, त्यामुळे उंच स्लॉट आणि लांब वाटा त्यांना मानवत नाहीत व ती प्रोसेसरला खेटूनच बसवावी लागते. डिसेंबर २०२३मध्ये मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने प्रमाणित केलेल्या कॅम-२ रचनेने यातून मार्ग काढला. त्यातील एलपीकॅम-२ हे मॉड्यूल बोर्डावर आडवे बसते, दाबाच्या कनेक्टरवर स्क्रूंनी आवळले जाते आणि हवे तेव्हा काढता येते. २०२४मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ जेन ७मधून ते प्रथम बाजारात आले.

माझ्या लॅपटॉपमधील मॉड्यूल ७५०० मेगाट्रान्सफर वेगाचे (सेकंदाला ७५०० दशलक्ष वेळा डेटा पाठवणारे), एका वेळी १२८ बिट नेणारे आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १२० जीबी डेटा. ५६०० वेगाच्या दोन सोडीम (लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या नेहमीच्या डीडीआर-५ रॅमच्या पट्ट्या) मिळून हाच आकडा ९०च्या आसपास जातो. ब्राउझर, एक्सेल, ईमेल यांत मला हा फरक जाणवला नाही, आणि कोणाला जाणवत असेल तर त्याचे श्रेय बहुधा नव्या प्रोसेसरला द्यावे लागेल. शिवाय या जातीच्या मेमरीची लेटन्सी, म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा विलंब, साध्या डीडीआर-५पेक्षा थोडी जास्तच असते. फरक दिसला तो भाषा-मॉडेल, म्हणजे प्रश्नांना उत्तरे लिहून देणारे एआय, लॅपटॉपवरच चालवताना. आठ अब्ज पॅरामीटरचे, चार बिटांत आवळलेले मॉडेल साधारण पाच जीबीचे होते आणि प्रत्येक टोकनसाठी (उत्तरातील शब्द वा शब्दाच्या तुकड्यासाठी) ते जवळजवळ सगळे मेमरीतून वाचावे लागते. म्हणून कमाल वेग बँडविड्थच, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहतो तेच, ठरवते. १२० भागिले ५, म्हणजे सेकंदाला २४ टोकनची मर्यादा. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात, पण उत्तर वाचण्याच्या गतीने उमटत राहते, तेवढे मला पुरते.

सोडीमच्या तुलनेत वापरातील वीज ६१ टक्क्यांपर्यंत कमी लागते, असा मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीचा दावा आहे. तो केवळ मेमरीपुरता आहे, हे ध्यानात ठेवावे. काम चालू असताना खरी वीज स्क्रीन आणि प्रोसेसरच खातात, त्यामुळे दिवसभराच्या कामात बॅटरी फार वाढल्याचे मला दिसले नाही. झाकण मिटून रात्रभर स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडल्यावर मात्र बॅटरी पूर्वीच्या मशीनइतकी उतरलेली नसते. बाकी सारे थंडावले तरी रॅमला स्वतःतील डेटा सतत ताजा ठेवावा लागतो, म्हणून बचत तिथे नजरेत भरते.

पुढे ३२ जीबी अपुरी पडू लागल्यावर मी ६४ जीबीचे मॉड्यूल बसवले. बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) आतली बॅटरी बंद करायची, स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल करायचे आणि सोनेरी टोकांना बोट लागू द्यायचे नाही, एवढेच पथ्य. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते. मेमरीचे ट्रेनिंग, म्हणजे नव्या मॉड्यूलशी सिग्नल जुळवून घेणे, चालू असते, तेव्हा घाईने पॉवर बटण दाबू नये.

बसवण्यापेक्षा मिळवणे अवघड गेले. पुण्याच्या तपकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारले तर काउंटरवर सोडीमच पुढे आली, आणि अखेर ऑनलाइन मागवलेल्या मॉड्यूलसाठी त्याच क्षमतेच्या सोडीमपेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागले. दुसरी तक्रार रचनेचीच आहे. एकच मॉड्यूल पूर्ण १२८ बिट व्यापते, त्यामुळे रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक पट्टी टाकण्याची सोय नाही. जुने काढायचे, नवे घालायचे, आणि जुन्याला गिऱ्हाईक शोधायचे, तेही असे लॅपटॉप मोजकेच असताना.

तरीही सोल्डर केलेल्या रॅमपेक्षा मी हेच पुन्हा घेईन, कारण मेमरी बिघडली तर अख्खा मदरबोर्ड बदलावा लागणार नाही. खरेदीपूर्वी तपशीलपत्रात केवळ ‘एलपीडीडीआर-५एक्स’ लिहिले असेल तर रॅम सोल्डर केलेली असण्याचीच शक्यता अधिक. ‘एलपीकॅम-२’ हा शब्द स्पष्ट दिसल्याशिवाय पैसे भरू नयेत.