के-जेट्रॉनिकचं प्रेशर गेज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी मूळची काकांची. पोर्शे ९२४, ते इंग्लंडहून कायमचे साताऱ्याला परतले तेव्हा सोबत आणलेली. १९८४ सीसीचं इंजिन पुढं, गिअरबॉक्स मागं आणि पेट्रोल पुरवायला बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शन सिस्टिम. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू. पण यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला चहाला थांबलो, की वीस मिनिटांनी नुसता सेल्फ फिरत राहायचा. तासभर बसा, मग गुपचूप सुरू. एव्हाना टपरीवाला दुसरा कप न विचारताच आणून ठेवायला लागला होता.

गेज घ्यायच्या आधी मी जे केलं ते म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. प्लग बदलले, कॉइल बदलली. एका गॅरेजवाल्याने मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, स्क्रू ‘जरा सेट करून’ दिला, तेव्हापासून अ‍ॅव्हरेजही गेलं. शेवटी दुसऱ्या एकाने पेट्रोल पंपच नवीन बसवला. पैसे गेले, चहाचा दुसरा कप तसाच राहिला. मग चार हजारांच्या आतलं हे किट मागवलं. गेज, तीन तोंडांचा टी-जोड, बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह, दोन पाइप आणि पितळी अ‍ॅडॅप्टरांची पिशवी.

के-जेट्रॉनिकमध्ये संगणक वगैरे नाही, सगळा खेळ दाबाचा. आत येणारी हवा एक गोल प्लेट उचलते, प्लेट पेट्रोल वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर (दट्ट्या) उचलते, आणि त्या मापाने सगळ्या इंजेक्टरना सतत पेट्रोल जातं. प्लंजरच्या डोक्यावर दाब ठेवायचं काम वॉर्म-अप रेग्युलेटरचं. तो थंडीत हा दाब कमी ठेवतो, म्हणून पेट्रोल जास्त जातं. तापला की वाढवतो. गेज लावायचं डिस्ट्रिब्युटर आणि या रेग्युलेटरच्या मधे. व्हॉल्व्ह उघडा असेल तर कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लंजरवरचा हा दाब दिसतो, बंद केला की सिस्टिम प्रेशर, म्हणजे लाइनचा पूर्ण दाब.

आणि इथंच मी पहिल्या दिवशी माती खाल्ली. व्हॉल्व्ह गेजच्या पुढं, म्हणजे रेग्युलेटरच्या बाजूला हवा. मी पाइप उलटे जोडले. व्हॉल्व्ह बंद केल्यावर काटा शून्यावर! डिस्ट्रिब्युटर गेला, आता गाडी विकावी लागणार, अशा विचारात रात्र काढली. सकाळी पाइप बदलून लावले तर सिस्टिम प्रेशर ५ बार, गरम इंजिनावर कंट्रोल प्रेशर ३.५. दोन्ही ठीक. थंड मापासाठी इंजिन रात्रभर उभं हवं आणि रेग्युलेटरचा विजेचा प्लग काढून ठेवायचा, नाहीतर तो स्वतःच तापून आकडा बिघडवतो.

खरी किंमत वसूल झाली ती पंप बंद केल्यावर. गाडी बंद झाल्यानंतरही लाइनमध्ये थोडा दाब टिकायला हवा, नाहीतर इंजिनाच्या उष्णतेने पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि सेल्फ मारून काही उपयोग नाही. माझा काटा दहा मिनिटांत अर्ध्या बारच्या खाली. व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहिलं, तरी तसाच घसरतोय. म्हणजे गळती रेग्युलेटरच्या बाजूला नाही. मग मागची बाजू स्टँडवर घेतली, पंप चालवून थांबवला आणि लगेच टाकीकडून पंपाला येणारा रबरी पाइप क्लॅम्पने दाबून धरला. काटा थांबला! मी खाली उताणा पडून, मुलगा वर बॉनेटपाशी आकडे वाचतोय : ‘‘बाबा, दोन पूर्णांक एक. अजून दोन पूर्णांक एक.’’

म्हणजे पेट्रोल पंपातूनच टाकीत परत जात होतं. नव्या पंपातून? खोलून बघितलं तर पंप नवा, पण त्याच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागं फिरू न देणारी झडप, जुनाच काढून बसवलेला. पंप बदलणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, ‘‘साहेब, पंपाबरोबर तो आलाच नव्हता, जुना चांगला होता की.’’ नवा व्हॉल्व्ह आणि दोन तांब्याचे वॉशर बदलले, आणि कासच्या चहानंतर गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

आता किटच्या तक्रारी. डायल ० ते १० बारची, रेषा ०.२ च्या अंतरावर. थंड कंट्रोल प्रेशर एक-दीड बारच्या आसपास बघायचं असतं, तिथं अंदाजच करावा लागतो. ० ते ६ ची डायल हवी होती. सोबत आलेले वॉशर भिकार, पहिल्याच वेळी थेंब गळाले. साताऱ्यातच नवे घेतले. चौथ्या महिन्यात गेजमधलं ग्लिसरीन झिरपायला लागलं, पण रीडिंग अजून बरोबर आहे. दाबाखालचं पेट्रोल आहे, तेव्हा पाइप उघडताना खाली फडकं आणि हाताशी अग्निशामक ठेवाच. मी अंगणातच काम करतो. आमच्या आईचा एकच नियम : ‘‘तुळशीपाशी दिवा लावायच्या आत तुझं ते पेट्रोल आवर.’’

एक लक्षात घ्या, गेज फक्त दाब सांगतं. माझी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची गती, वरखाली व्हायची आणि सगळे आकडे मात्र चोख. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं. इंजिन अडखळायला हवं होतं, फरकच पडला नाही. म्हणजे कुठून तरी आधीच चोरटी हवा आत जात होती. प्लेटनंतरच्या रबरी बूटाला (हवेच्या वाटेवरच्या घडीदार नळीला) खालच्या घडीत भेग होती, ती बोट फिरवल्यावर सापडली. त्यानंतरच मिक्श्चरचा स्क्रू पुन्हा जागेवर आणला.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि प्लंजरला गंज चढायला तेवढं पुरतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवत नाही. दर दोन महिन्यांनी गेज लावून सिस्टिम, कंट्रोल आणि पंप बंद केल्यावर टिकणारा दाब असे तिन्ही आकडे वहीत लिहितो. सध्या किट कराडच्या एका मित्राकडे आहे, त्याच्या जुन्या मर्सिडीजला हीच सिस्टिम आहे. देताना व्हॉल्व्हवर पांढऱ्या रंगाने बाण काढून दिलाय.