कॅबचा २८६ रुपयांचा रिफंड मागायला गेले आणि २४,८६० रुपये गेले

गेल्या महिन्यात आई नागपूरहून रात्रीच्या गाडीने आली, मी पहाटे पुणे स्टेशनला घ्यायला गेले आणि कोथरूडला परत यायला ॲपवरून कॅब केली. भाडं २८६. उतरताना ऑनलाइन पेमेंट केलं तर ड्रायव्हर म्हणाला, ताई फेल दाखवतंय, त्याच्या फोनवर तसंच दिसत होतं. आई थकलेली, सामान खाली, मी कॅश दिली आणि वर आले. बघते तर खात्यातूनही कट झालेले. त्या ड्रायव्हरला मी दोष देत नाही, नेटवर्कमुळे होतं असं.

चूक पुढे झाली. ॲपमध्ये कुठे फोन नंबर दिसेना म्हणून सरळ सर्च केलं, कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर. सगळ्यात वर जो नंबर आला त्याला लावला. लगेच उचलला, कंपनीचं नाव घेऊन नमस्कार, मागे कॉल सेंटरसारखी गडबड, हिंदीत अगदी अदबीने बोलणं. २८६ हा आकडा मीच सांगितला होता, पण नंतर तोच सारखा म्हणत राहिला आणि मला वाटलं याच्याकडे माझी राइड दिसतेय.

मग म्हणाला रिफंडचा फॉर्म भरायला एक ॲप घ्या. ते स्क्रीन शेअरिंगचं होतं, त्यातला कोड मी त्याला वाचून दाखवला, म्हणजे माझा फोन त्याला दिसायला लागला. मग पेमेंट ॲप उघडायला लावलं, त्याने दिलेला आयडी टाकला, आणि रक्कम लिहितो त्या चौकोनात 'टोकन नंबर' टाकायला सांगितला, २४८६०. मी विचारलं ही तर अमाउंटची जागा आहे ना, तर म्हणे "नहीं मॅडम, रिफंड में यहीं टोकन डालते हैं". पिन टाकला. बँकेचा मेसेज आला, २४,८६० डेबिट. तो शांतपणे म्हणाला सिस्टम एरर आहे, दुसरा टोकन टाका, दोन्ही मिळून परत येतील. आणि मी टाकायला घेतला होता!! आई शेजारी चहा घेत बसलेली, ती म्हणाली, "अगं पैसे त्यांनी द्यायचेत ना, मग पिन तू कशाला टाकतेयस?" तेव्हा फोन कट केला.

लगेच इंटरनेट बंद केलं, ते ॲप काढलं, आईच्या फोनवरून १९३० ला लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर, आत्ताच सेव्ह करा. तिथे व्यवहाराची वेळ, बँक आणि मेसेजमधला १२ आकडी व्यवहार क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय. तक्रारीमुळे ९,००० पुढच्या खात्यात होल्ड झालेत, अजून हातात आलेले नाहीत, बाकीचे तोवर एटीएममधून काढले गेले होते. फोन करायला अर्धा तास गेला माझा, रडण्यात आणि भावाला विचारण्यात. तुम्ही तसं करू नका, आधी १९३० मग बाकी सगळं.

पैसे आपल्याकडे येताना यूपीआय पिन लागत नाही, हे मला माहीत होतं हो, रोज वापरते मी. पण तो माणूस बोलत असतो, पुढचं पुढचं सांगत असतो, विचार करायला सेकंद देत नाही.

कॅबची तक्रार त्या राइडवर टॅप करून मदतीच्या पानावरच टाका. मी नंतर तिथे टाकली, दोन ओळी लिहिल्या, कॅश दिल्याचं सांगितलं. दोन दिवसांनी २८६ रुपये परत आले.