ऑडिओ केबलच्या नावाखाली ॲल्युमिनियम विकतायत, सांगली-मिरजकरांनो जरा सांभाळून

सांगली, मिरज, माधवनगर भागात सध्या एक माणूस घरी येऊन हायफायच्या स्पीकर केबली विकतोय. डेमो फुकट, पटलं तर घ्या नाहीतर चहा पिऊन जातो म्हणतो. बोलायला एकदम गोड. माझ्याकडनं 14,500 रुपये नेले आणि शुद्ध तांबं म्हणून वरनं तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिली. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे, पण त्याची पद्धत सांगतो म्हणजे दारात आला तर ओळखू येईल.

माझ्याकडे जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि त्यांना इलेक्ट्रिकच्या दुकानातनं आणलेली साधी 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, एवढाच पसारा. ऐकणं म्हणाल तर नाट्यसंगीत आणि किराणा घराणं, मिरजेच्या जवळ राहून दुसरं काय ऐकणार. तर हा बाबा विश्रामबागला घरी आला, मखमलीच्या अस्तराची पेटी उघडली, आत करंगळीएवढ्या जाड केबली, त्यावर जाळीचं कव्हर, सोनेरी प्लग आणि बाण. बाण म्हणजे करंट कुठल्या दिशेनं जातो ते, उलटी लावली तर आवाज मरतो म्हणे. अहो, स्पीकरच्या वायरीतला सिग्नल एसी असतो, हजार हर्ट्झचा सूर सेकंदाला हजार वेळा जाऊन परत येतो, त्याला बाण काय करणार? (प्लेअर आणि ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या काही इंटरकनेक्ट केबलींवर बाणाला अर्थ असतो, कारण त्यांच्यावरची शिल्ड, म्हणजे धातूची संरक्षक जाळी, एकाच टोकाला जोडलेली असते, पण ही ती केबल नव्हे.)

मग डेमो. आधी माझ्या वायरीवर अब्दुल करीम खाँसाहेबांचं एक रेकॉर्डिंग लावलं, मग केबल बदलली, परत तेच लावलं. खरंच जास्त भरीव वाटलं. तेवढ्यात आतनं बायको म्हणाली, "आवाज कशाला वाढवलात?" तर हा लगेच, "वहिनी, हीच तर गंमत आहे, केबल बदलली की आवाज मोकळा होतो!" रिमोट सगळा वेळ त्याच्या हातात होता. एक-दोन डेसिबल वाढवलं तर कानाला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं, हे ऑडिओ विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आणि खाँसाहेब गेले 1937 ला, त्यांच्या 78 आरपीएमच्या तबकड्यांवर जे वरचे सूर त्या काळी उमटलेच नाहीत ते आता केबल कुठनं आणणार? पण हा म्हणतो तबकडीची खरखरसुद्धा कमी होईल!

पुढची युक्ती मला सगळ्यात हुशार वाटली. म्हणाला, केबल नवीन आहे, 200 तास वाजवून बर्न-इन करा, त्याआधी खरा आवाज येणार नाही, घाईनं मत बनवू नका. आणि परत करायची मुदत दहा दिवस. आता आपण नोकरी-धंद्याची माणसं, रोज तीन तास ऐकलं तरी 200 तासाला दोन महिन्याच्या वर जातात. म्हणजे तुम्ही तक्रार करायच्या लायक होईपर्यंत मुदत कधीच संपलेली. बर्न-इन कसलं आलंय, तांब्याच्या तारेत गाणी वाजवून काही बदलत नाही.

पुढं साफसफाई करताना एक प्लग निघाला आणि स्क्रू आवळायला गेलो तर दोन-तीन बारीक तारा कडाकड तुटल्या. तुटलेल्या जागी पांढरं दिसलं. मला वाटलं टिनिंग असेल, तांब्याच्या तारेला कथिलाचा थर देतात ना तसं. पण टिनिंग असेल तर वरनं पांढरं आणि आत लाल, इथं वरनं लाल आणि आत पांढरं. सरळ उलटं.

आपल्याकडे यातला खरा जाणकार म्हणजे मोटार भरणारा. शेतकऱ्याच्या पंपात तांब्याच्या ऐवजी ॲल्युमिनियमचं वायंडिंग घालून फसवायचा प्रकार जुना आहे, त्यामुळे ह्या लोकांची नजर बसलेली असते. माधवनगर रोडला एक ओळखीचे काका आहेत, त्यांच्याकडे तुकडा घेऊन गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, दाढीच्या ब्लेडनं एक तार खरवडली, अंगठ्यावर धरून उजेडात बघितली, मग लायटर लावला. बारीक तार आक्रसली आणि टोकाला गोळी झाली. मग स्वतःच्या डब्यातली तांब्याची तितकीच बारीक तार धरली, ती नुसती लालभडक झाली, गोळी-बिळी काय नाय. "साहेब, ॲल्युमिनियम हाय ह्यो. 660 डिग्रीला वितळतंय. तांब्याला हजाराच्या वर लागतंय. कितीला घेतलासा?" आकडा सांगितला तर काका हसले नाहीत, उलट शिवी दिली. मला बरं वाटलं.

तरी विकणारा म्हणेल मोटारवाल्याचं काय ऐकताय, म्हणून अजून एक पुरावा केला. केबलीवर 4 स्क्वेअर एमएम छापलंय, म्हणजे धातूच्या कापाचं क्षेत्रफळ, आणि आत अशा दोन तारा, एक जायची एक यायची, म्हणजे एक मीटर लांबीत 8 घन सेंटिमीटर धातू. तांब्याची घनता 8.96, म्हणजे 71-72 ग्रॅम भरायला पाहिजे. एका केबलीतला मीटरभर तुकडा कापला, कव्हर सोललं, नुसता धातू सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. 27 ग्रॅम! (दुसरी केबल प्लगसकट जशीच्या तशी ठेवलीय, पुराव्यासाठी. दोन्ही कापू नका.) मल्टिमीटरच्या नादाला लागू नका, एवढा कमी रेझिस्टन्स साध्या मीटरला कळत नाही, त्याच्या स्वतःच्या पिनांचाच जास्त भरतो.

आता महत्त्वाचं. आवाजात फरक होता का? नाही. भाच्याला पडद्यामागं बसवून केबल अदलाबदल करायला लावली, व्हॉल्यूम तोच ठेवून, मला काही ओळखता आलं नाही. येणारही नव्हतं, तीन मीटरच्या ह्या मुलामावाल्या जाड तारेचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स 0.05 ओहमच्या आत, समोर 8 ओहमचा स्पीकर. 2007 साली अमेरिकेत जेम्स रँडी ह्या भोंदूगिरी उघडी पाडणाऱ्या जादूगारानं 7,250 डॉलरच्या केबलीचा फरक न बघता ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा असं जाहीर केलं होतं, ती परीक्षा शेवटी झालीच नाही. ह्याचा धंदा चालतो तो यावरच, आवाजानं चोरी पकडता येत नाही. आणि आवाजावर भांडायला गेलात तर तुमचेच कान काढतो. मला फोनवर म्हणाला, "सर, ऑडिओफाइल कान तयार व्हायला वेळ लागतो." म्हणून मी आवाजाचा विषयच सोडला आणि धातूवर आलो. व्हॉट्सअपवर त्याने स्वतः लिहिलं होतं, "100 टक्के ओएफसी कॉपर", म्हणजे ऑक्सिजन काढलेलं शुद्ध तांबं. काट्याचा फोटो, सोललेल्या तारेचा फोटो आणि त्याचाच मेसेज, तिन्ही एकत्र पाठवले. दोन निळ्या टिका, मग फोन बंद.

बिलाचं बघा. त्याने दिलेल्या कागदावर वर 'एस्टिमेट' आणि खाली 'प्रीमियम केबल 1 जोडी', तांबं हा शब्दच नाही, जीएसटी नंबर नाही. सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, म्हणून स्वस्तात विकली असती तर माझी काही तक्रार नव्हती, ती तार काही बेकायदा नाही, कार ऑडिओत सर्रास वापरतात. कुणाकडनं घेणार असाल तर बिलावर 'कॉपर' आणि स्क्वेअर एमएम लिहून घ्या, जो लिहायला कां-कूं करेल त्याला तिथनंच नमस्कार. आणि डेमोला रिमोट आपल्या हातात. नाहीतर इलेक्ट्रिकच्या दुकानातली चांगली तांब्याची वायर सहा मीटर घेतली तरी हजार रुपयांच्या आत काम होतं, मी परत तीच लावलीय.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, त्यावर त्याचा आपणहून फोन आला आणि 6,000 रुपये यूपीआयने आले, "गैरसमज झाला" म्हणून. बाकीचे 8,500 द्यायला टाळाटाळ चालूय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते, विकणारा कुठला का असेना, आणि 5 लाखाच्या आतल्या मालाला फी लागत नाही, त्यामुळे इथंच सांगलीत कागद तयार करतोय. याच माणसाकडनं इस्लामपूर किंवा कराडकडं कुणी केबली घेतल्या असतील तर एक तार खरवडून बघा आणि कळवा, दोन-चार तक्रारी एकत्र गेल्या तर बरं पडेल.