जगभरच्या धर्मचिंतनाचा जाडजूड संग्रह: दिवाळीपासून वापरतेय, सविस्तर अनुभव

मूळ ग्रंथांतल्या उताऱ्यांचं हे इंग्रजी पुस्तक दिवाळीला घेतलं, तेव्हापासून ते टेबलावरच आहे. देव आहे का, असेल तर जगात एवढं दुःख का, चमत्कार मानायचे का, असे प्रश्नांनुसार भाग पाडलेत. सलग वाचायच्या फंदात पडू नका, एक प्रश्न धरा आणि महिनाभर त्याच्याच मागे लागा.

मी धरला जगाच्या कर्त्याचा. ईश्वर तर्काने सिद्ध करू बघणारे न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य म्हणतात मडकं दिसलं की कुंभार असणारच, तसं पृथ्वी हेही कार्यच, म्हणजे तिलाही कर्ता हवा. वाचताना पटतं हो! पण त्यांच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, बौद्ध धर्मकीर्तीने याची फट दाखवून ठेवलीय की मडकं मातीचं तसं वारूळही मातीचंच, मग वारूळ बघून कुंभार शोधायला निघणार का? मडकी घडवणारे कुंभार आपण बघितलेत म्हणून तिथे अनुमान चालतं, जग घडताना कुणी बघितलंय? १७७९ साली छापलेल्या, स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या धर्मावरच्या संवादांत हाच मुद्दा परत भेटतो आणि तो भाग या पुस्तकात दोन्ही बाजूंनी मस्त लावलाय, पैसे इथेच वसूल.

कुमारिल भट्टांनी तर मला हलवूनच सोडलं. वेद पूर्ण प्रमाण मानणारा, पण जगाचा कर्ता न मानणारा हा मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा पंडित) विचारतो, जगच नव्हतं तर शरीराशिवाय प्रजापतीला इच्छा झाली कशी, आणि दयेपोटी निर्माण केलं म्हणाल तर दया यायला जीव कुठे होते? आपल्याकडे आस्तिक-नास्तिक वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच संपादकांच्या प्रस्तावना खटकतात, धर्म म्हणजे देवावरचा विश्वास हे त्या गृहीतच धरतात, मग मीमांसक, जैन, बौद्ध यांना कोपऱ्यात चार पानं मिळतात. दुःखाच्या प्रकरणात तर देवाने शक्य तितकं उत्तम जगच निवडलं म्हणणारा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ, त्या म्हणण्याला हादरा देणारा १७५५ चा लिस्बनचा भूकंप, सगळं सविस्तर, पण ब्रह्मसूत्रांतलं ‘वैषम्यनैर्घृण्ये न’ (देवाकडे पक्षपात आणि निर्दयपणा नाही) आणि त्यावरचं शांकरभाष्य नाहीच. पाऊस सगळ्यांना सारखाच, भात की जव हे बियाण्यावर, तसं सुखदुःख ज्याच्या त्याच्या कर्मावर, हे उत्तर पटो न पटो, जगातल्या कोट्यवधी लोकांनी त्यावर आयुष्य काढलंय, त्याला जागा नको?

इस्लामी धर्मचिंतक गझालीचा भाग मात्र झकास, तो म्हणतो कापूस विस्तवाने जळत नाही, देव जाळतो, आपण फक्त दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ बघतो, आणि लगेच पुढे कार्यकारणाची बाजू घेणाऱ्या मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्दचं खणखणीत उत्तर. सध्या तिथेच अडकलेय.

कागद फार पातळ, पेन्सिलीच्या खुणा मागे उमटतात. ई-बुक घेऊ नका, संस्कृत आणि अरबी नावांतल्या टिंबांच्या जागी चौकोन येतात, तळटिपेवर गेलं की परत पानावर येता येत नाही.