छोट्या कारखान्यात जपानी पद्धत आणावी की जर्मन?

भोसरी-चाकण पट्ट्यात चाळीस-पन्नास माणसांचा कारखाना चालवत असाल, तर हा प्रश्न तुमच्यापर्यंत आलाच असेल. एक गिऱ्हाईक जपानी, दुसरं जर्मन. दोघांचे ऑडिटवाले येतात आणि आपापलं शहाणपण सांगून जातात.

जपानी पद्धतीत दोष दिसला की लाईन थांबते, आणि ती थांबवायचा हक्क मशीनवरच्या माणसाचा. जर्मनांचा भर शिकवण्यावर. तिथला कामगार साधारण तीन-साडेतीन वर्षं कारखान्यात आणि शाळेत अशी उमेदवारी करून येतो. ड्रॉइंग स्वतः वाचतो, साहेबाला तोंडावर ‘हे चुकलंय’ म्हणतो. कायदाही पाठीशी: १९७६ पासून दोन हजारांहून जास्त माणसांच्या कंपनीत पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कामगारांच्या.

आपल्याकडची गोम वेगळीच. डच अभ्यासक हॉफस्टेड यांनी वरचा-खालचा भेद लोक किती गृहीत धरतात ते मोजलं. भारत ७७, जपान ५४, जर्मनी ३५. मात्र ही मोजणी आयबीएमच्या नोकरदारांवरची. पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहणारा बीडचा पोरगा त्यात कुठून असणार? तरी शॉपफ्लोअरवर मला दिसलं ते या आकड्यांना धरूनच होतं.

एका प्रेसशॉपमध्ये आम्ही लाईन थांबवायचं लाल बटण बसवलं, दाबलं की दिवा लागायचा. तीन आठवडे कुणी हात लावला नाही. रिजेक्शनचा बिन मात्र पाळी संपेपर्यंत भरलेला. शेवटी एकाने दाबलं. सुपरवायझर धावत आला आणि पहिलं वाक्य, “कुणी थांबवली रे?” झालं, पुढचे दोन महिने बटणावर धूळ. मग सुपरवायझरलाच पढवलं: आधी ‘बरं केलंस’ म्हणायचं, मग जॉब बघायचा. त्यानंतर आठवड्याला चार-पाचदा दिवा लागू लागला.

म्हणजे रक्तातच नाही, असं काही नसतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा सुरू झाला तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते, आणि गाड्या उत्तम निघू लागल्या. हीच पद्धत जनरल मोटर्सने आपल्याच व्हॅन नाइजच्या कारखान्यात नेली, तिथे मात्र रुजली नाही.

मारुतीत सुझुकीने साहेब-कामगारांना एकच गणवेश आणि एकच कॅन्टीन दिलं. ताट कुणी कुणाशेजारी ठेवायचं याचे हिशेब असणाऱ्या देशात ही मोठीच गोष्ट. तरीही २०१२ मध्ये मारुतीच्याच मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. एकाच गणवेशातल्या कायम आणि कंत्राटी माणसाच्या पगारात मोठी तफावत, ही त्या असंतोषातली एक ठळक तक्रार होती.

तेव्हा तुमची माणसं ठेकेदाराकडून येऊन सहा-सात महिन्यांत बदलत असतील, तर जर्मन पद्धतीचा विचार सोडा. शिकवलेलं गेटबाहेर जाईल. प्रेस आणि असेंब्लीला जपानी घ्या, पण सुरुवात सुपरवायझरपासून. साचे-हत्यारं बनतात त्या टूलरूमला मात्र जर्मनच. आयटीआय झालेली दोन पोरं निवडा, पगारावर घ्या, शिकवा, आणि डिस्पॅचची घाई आली म्हणून त्यांना प्रॉडक्शनवर उभं करू नका. कराल, सगळेच करतात.