पॉवरपॉइंटची प्रगत वैशिष्ट्ये : शिकायला सुरुवात कुठून करावी

काही महिन्यांपूर्वी माझ्याच एका जुन्या सादरीकरणाची फाइल मी पॉवरपॉइंटच्या आउटलाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे स्लाइड्सचा फक्त मजकूर यादीसारखा दाखवणाऱ्या दृश्यात, उघडून पाहिली. 64 स्लाइड्सच्या त्या फाइलमध्ये मजकूर भरपूर होता, पण डावीकडच्या आउटलाइनमध्ये एकाखाली एक 64 क्रमांक दिसत होते आणि त्यांच्यापुढे एक अक्षरही उमटलेले नव्हते. कारण साधे होते. कोऱ्या स्लाइडवर टेक्स्ट बॉक्स काढायचा, त्यात शीर्षक लिहायचे, खाली दुसरा टेक्स्ट बॉक्स काढून मुद्दे लिहायचे, अशीच मी कित्येक वर्षे सादरीकरणे करत आले होते. माणसाच्या डोळ्यांना त्या ओळी शीर्षकासारख्या दिसत असल्या, तरी त्या शीर्षके आहेत हे सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्गच मी ठेवला नव्हता. त्यानंतर या सॉफ्टवेअरची प्रगत वैशिष्ट्ये मी नेटाने शिकले, आणि त्यांपैकी कोणत्या वैशिष्ट्यांवर वेळ घालवणे सार्थकी लागते याविषयीचा माझा अभिप्राय येथे मांडत आहे.

पॉवरपॉइंट 1987 साली मॅकिंटॉश संगणकासाठी प्रथम बाजारात आले. फोरथॉट नावाच्या ज्या कंपनीने ते तयार केले, ती कंपनी त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1 कोटी 40 लाख डॉलर्सना विकत घेतली. इतक्या दीर्घ काळात एकावर एक सोयींची भर पडत गेल्यामुळे आज त्याच्या मेन्यूंमध्ये अत्यंत मोलाची साधने आणि केवळ दिखाऊ साधने शेजारी शेजारी नांदतात. नवशिक्याचे लक्ष साहजिकच अॅनिमेशन (स्लाइडवरील वस्तूंची हालचाल) आणि ट्रान्झिशन (एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचा दृश्य परिणाम) या टॅबकडे जाते, कारण तेथे केलेल्या कामाचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो. माझे ठाम मत असे आहे की शिकण्याची सुरुवात तेथून मुळीच करू नये. ती स्लाइड मास्टरपासून करावी.

व्ह्यू टॅबमधून स्लाइड मास्टर उघडला की डाव्या बाजूस सर्वांत वर एक मोठी स्लाइड दिसते आणि तिच्याखाली लहान लहान लेआउट्स, म्हणजे स्लाइडच्या मांडणीचे नमुने, दिसतात. नेहमीच्या ऑफिस थीममध्ये (थीम म्हणजे रंग, फॉन्ट आणि मांडणी यांचा तयार संच) असे 11 लेआउट्स असतात. वरची स्लाइड म्हणजे मास्टर होय. तिच्यावर शीर्षकाचा फॉन्ट, आकार किंवा जागा बदलली, की तो बदल खालच्या लेआउट्समध्ये आणि त्यांच्यावर आधारलेल्या प्रत्येक स्लाइडमध्ये आपोआप उतरतो. एखाद्या लेआउटमध्ये तीच गोष्ट आधी स्वतंत्रपणे बदललेली असेल, तर मात्र तो लेआउट मास्टरचे ऐकत नाही, आणि ‘सगळीकडे बदल झाला, याच स्लाइडवर का झाला नाही’ या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते. या साखळीला जोडलेला असतो तो प्लेसहोल्डर, म्हणजे लेआउटने मजकुरासाठी, चित्रासाठी किंवा आलेखासाठी राखून ठेवलेली चौकट. टेक्स्ट बॉक्स या साखळीच्या बाहेर राहतो. म्हणूनच प्लेसहोल्डरमध्ये लिहिलेला मजकूर लेआउट बदलल्याबरोबर नव्या जागी जाऊन बसतो, आउटलाइनमध्ये दिसतो, स्लाइडवर चुकून हलला तरी होम टॅबमधील रीसेट बटणाने मूळ जागी परत येतो; टेक्स्ट बॉक्समधील मजकुराला यांपैकी एकही गोष्ट साधत नाही. दृष्टिहीन व्यक्ती वापरत असलेले स्क्रीन रीडरही स्लाइड ओळखण्यासाठी शीर्षकाच्या प्लेसहोल्डरवरच अवलंबून असते, हे समजल्यावर माझ्या त्या 64 रिकाम्या क्रमांकांचे मला मनापासून वाईट वाटले.

रंगांचेही असेच आहे. रंग निवडण्याच्या चौकटीत वर थीमचे रंग असतात आणि खाली ठरावीक दहा रंगांची एक ओळ असते. थीममध्ये एकूण 12 रंगांच्या जागा असतात : मजकूर आणि पार्श्वभूमीसाठी चार, ठसठशीत वापरासाठी सहा आणि दुव्यांसाठी दोन. वरच्या भागातून निवडलेला निळा हा ‘थीममधील अमुक क्रमांकाचा रंग’ म्हणून साठवला जातो, तर खालच्या ओळीतून निवडलेला निळा निळाच राहतो. संस्थेचे बोधचिन्ह बदलले आणि सगळे निळे हिरवे करायची वेळ आली, की हा फरक किती मोठा आहे ते कळते. पहिल्या प्रकारच्या फाइलला एक क्लिक पुरतो आणि दुसऱ्या प्रकारची फाइल स्लाइडगणिक हाताने दुरुस्त करावी लागते.

ज्या साधनाविषयी फारसे कोणी बोलत नाही, पण ज्याच्यावाचून पुढचे काहीच नीट जमत नाही, ते म्हणजे सिलेक्शन पेन. विंडोजवर आल्ट आणि एफ10 या कळा एकत्र दाबल्या की उजवीकडे स्लाइडवरील प्रत्येक वस्तूची यादी उघडते. तेथे वस्तूंची नावे रेक्टँगल 14, पिक्चर 7 अशा धाटणीची असतात आणि ती बदलता येतात. नावे बदलणे हे मला सुरुवातीला निव्वळ टापटिपीचे काम वाटले होते. पुढे ट्रिगर शिकायला घेतला तेव्हा त्याचे महत्त्व कळले. ट्रिगर म्हणजे स्लाइडवरील एखाद्या विशिष्ट वस्तूवर क्लिक केल्यावरच सुरू होणारे अॅनिमेशन. शिक्षकांना प्रश्नमंजूषेसाठी ते फार उपयोगी पडते, कारण विद्यार्थी जो पर्याय सांगेल त्याच पर्यायाचे उत्तर उघडते आणि क्रम आधी ठरवून ठेवावा लागत नाही. पण ट्रिगर लावताना समोर येते ती याच नावांची यादी. तीत रेक्टँगल 14, रेक्टँगल 15, रेक्टँगल 16 एवढेच दिसत असेल, तर कोणता आयत कोणत्या पर्यायाचा हे ओळखण्यातच अर्धा तास निघून जातो. ‘पर्याय अ’, ‘पर्याय ब’ अशी नावे आधीच दिलेली असतील, तर तेच काम दोन मिनिटांचे होते.

या नावांचा सर्वांत सुंदर उपयोग मॉर्फ या ट्रान्झिशनमध्ये होतो. स्लाइडची नक्कल करावी, दुसऱ्या स्लाइडवर वस्तूंची जागा, आकार किंवा रंग बदलावा आणि त्या दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ लावावा. मधली सगळी हालचाल सॉफ्टवेअर स्वतः तयार करते. मात्र पहिल्या स्लाइडवरचे वर्तुळ आणि दुसऱ्या स्लाइडवरचा चौकोन एकमेकांशी जोडायचा असेल, तर त्या दोघांतील नाते सॉफ्टवेअरला आपणच सांगावे लागते. त्यासाठी सिलेक्शन पेनमध्ये दोघांनाही एकच नाव द्यावे आणि त्या नावाच्या आरंभी दोन उद्गारचिन्हे लिहावीत, उदाहरणार्थ ‘!!हृदय’. मानवी हृदयाचे संपूर्ण चित्र पहिल्या स्लाइडवर आणि त्याच चित्राचा मोठा करून कापलेला एका झडपेचा भाग दुसऱ्या स्लाइडवर ठेवून मी हा प्रयोग केला, तेव्हा समोर बसलेल्यांना हृदयाच्या आत शिरल्यासारखे वाटले आणि ती झडप हृदयात नेमकी कुठे असते हे मला वेगळे सांगावे लागले नाही. हालचालीमुळे अर्थ अधिक स्पष्ट झाला, असे ज्याच्याबद्दल खात्रीने म्हणता येईल, असे हे साधन आहे. त्याला मर्यादाही आहेत. आलेखांवर मॉर्फ चालत नाही, त्यामुळे एका वर्षाचे स्तंभ वाढत वाढत दुसऱ्या वर्षाचे होतील ही अपेक्षा ठेवू नये.

आलेखासाठी वेगळा उपाय आहे आणि तोही शिकण्यासारखा आहे. आलेखाला साधे वाइप अॅनिमेशन (एका कडेपासून हळूहळू उघडत जाणारे) लावून इफेक्ट ऑप्शन्समध्ये बाय सिरीज किंवा बाय कॅटेगरी निवडले, तर संपूर्ण आलेख एकदम अंगावर न येता एकेक मालिका किंवा एकेक गट क्रमाने उलगडतो. वक्ता बोलत आहे पहिल्या स्तंभाविषयी आणि श्रोते वाचत आहेत शेवटचा स्तंभ, ही नेहमीची अडचण एवढ्याने दूर होते. उसळणाऱ्या, गरगरणाऱ्या आणि लुकलुकणाऱ्या अॅनिमेशन्सबद्दल मात्र माझ्याकडे चांगला शब्द नाही. ती शिकण्यात वेळ घालवू नये.

मर्ज शेप्सविषयी थोडक्यात सांगते. दोन आकारांची बेरीज, वजाबाकी आणि छेद त्यात करता येतो, आणि जो आकार आधी निवडला त्यातून नंतरचा वजा होतो, एवढा क्रम लक्षात ठेवला म्हणजे पुरते. अक्षरेही या वजाबाकीत भाग घेऊ शकतात, त्यामुळे छायाचित्रातून कापलेली अक्षरे दुसऱ्या कोणत्याही चित्र-सॉफ्टवेअरविना तयार होतात.

झूम हे साधन सादरीकरणाच्या घडणीतच बदल घडवते, म्हणून त्याला मी अॅनिमेशनहून वरचे स्थान देते. समरी झूम निवडलेल्या स्लाइड्सची लहान चित्रे एका नव्या स्लाइडवर मांडतो आणि त्यांनुसार फाइलचे विभाग पाडतो. एखाद्या चित्रावर क्लिक केले की तो विभाग सुरू होतो आणि संपल्यावर आपण पुन्हा त्या मुख्य स्लाइडवर येतो. श्रोत्यांपैकी कोणी मध्येच खर्चाचा विषय काढला, तर ‘त्याकडे शेवटी येऊ’ असे म्हणण्याची गरज राहत नाही. प्रेझेंटर व्ह्यूचा, म्हणजे टिपा आणि पुढची स्लाइड फक्त वक्त्यालाच दाखवणाऱ्या दृश्याचा, सरावही याच्याबरोबरच करावा. आल्ट आणि एफ5 या कळांनी तो एकाच पडद्याच्या संगणकावरही उघडतो, त्यामुळे घरी तालीम करता येते. सादरीकरण चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबले की थेट तिथे पोहोचता येते, आणि बी ही कळ दाबली की पडदा काळा होऊन सगळ्यांचे लक्ष बोलणाऱ्याकडे वळते. या दोन कळांनी मला जेवढा आत्मविश्वास दिला तेवढा कोणत्याही ट्रान्झिशनने दिला नाही.

उणिवा सांगायच्या तर सर्वांत मोठी उणीव मांडणीची आहे. सगळ्यांत महत्त्वाचा स्लाइड मास्टर व्ह्यू टॅबच्या आत आहे, सिलेक्शन पेन अरेंजच्या यादीत तळाशी आहे, आणि टेक्स्ट बॉक्स मात्र इन्सर्टमध्ये समोरच हात पुढे करून उभा आहे. चुकीची सवय लागायला हे पुरेसे आहे. काम मागे घेण्याची मर्यादाही आधीपासून 20 पावलांची ठेवलेली असते, ती ऑप्शन्समधील अॅडव्हान्स्ड विभागात जाऊन 150 पर्यंत वाढवता येते आणि प्रयोग करत शिकणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावी.

फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जाणार असेल, तर आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. मॉर्फ 2019 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत तसेच मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये मिळतो. मॉर्फ दाखवू न शकणाऱ्या जुन्या आवृत्तीत त्याच्या जागी साधा फेड (एक स्लाइड विरत जाऊन दुसरी उमटणे) दिसतो, त्यामुळे हालचाल दिसली नाही तरी विषय समजेल अशीच स्लाइड असावी. दुसरी गोष्ट फॉन्टची. देवनागरीसाठी आपण निवडलेला फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल, तर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळींची लांबी बदलते आणि शीर्षकाचा शेवटचा शब्द खालच्या ओळीत घसरतो. ऑप्शन्समधील सेव्ह या विभागात फॉन्ट फाइलमध्येच साठवण्याची सोय आहे. तिथे केवळ वापरलेली अक्षरे साठवण्याचा पर्याय निवडला तर फाइल लहान राहते, पण समोरच्या व्यक्तीला मजकुरात दुरुस्ती करायची असेल, तर सर्व अक्षरे साठवण्याचाच पर्याय निवडावा.